दोरा बांधलेली जास्वंद

आषाढ लागला की आमच्या गल्लीत वाळत घातलेल्या पांढऱ्या साड्या दिसायला लागतात. वर्षभर पेटीत घडी करून ठेवलेल्या, जराशा पिवळसर पडलेल्या. कुणाच्या साडीला नीळ जास्त झालेली असते, कुणाच्या काठाला दुसऱ्या कपड्याचा लाल रंग लागलेला असतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज वाचन चालतं आणि त्या तीन महिन्यांत बाया पांढरं नेसून जातात. चिखल असतोच. साडी पोटरीपर्यंत उचललेली, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फुलांची पिशवी, आणि मागे राहिलेलीला मारलेल्या हाका. वर्षावास सुरू झाला हे मला दिनदर्शिकेवरून कधी कळत नाही. दारावरून जाणाऱ्या या हाकांवरून कळतं.

माझ्या गच्चीवरच्या जास्वंदीच्या नव्या रोपांना पहिल्या कळ्या येतात त्याही याच दिवसांत. आदल्या वर्षी पेरलेलं बी या पावसात फुलतं. सेलूसारख्या गावात, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात याहून मोठी उत्सुकता फारशी नसते. कळी फुगलेली दिसली की रात्री झोप लागत नाही. उद्या कुठला रंग उघडेल, कुणालाच माहीत नसतं. ते फूल जगात याआधी कधी उमललेलं नसतं.

यंदा सुनंदानं, माझ्या बायकोनं, तिची साडी वाळत टाकली तेव्हा मी गच्चीवरच होतो. तिच्या साडीशेजारी एका साडीची जागा रिकामी होती. तिथं दुसरं काही टाकायला हरकत नव्हती, पण तिनंही टाकलं नाही. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तिथं आईची साडी वाळायची. अंगानं बारीक असलेल्या आईची ती साडी दोन्ही टोकांना चिमटे लावूनही वाऱ्यानं उडायची, आणि जास्वंदीच्या फांद्यांत अडकली की आई खालून ओरडायची, "माह्यं लुगडं सोडव रे, तुह्या झाडाईनं धरून ठेवलं."

आई तेव्हा पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आली होती. आधी यायची ती दोन-चार दिवस, डोळे दाखवायला किंवा कुणाच्या लग्नाला. पिशवी खुंटीला टांगायची आणि त्यातलं काही बाहेर काढायची नाही. राहायची गावी, गिरडच्या बाजूला, माझ्या थोरल्या भावाकडे. त्या वर्षी दादानं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं, म्हणून पावसाळ्यापुरती तिला माझ्याकडे आणून सोडलं. निघताना म्हणाला, "सांभाळजो सायब. हे कुंडीतलं झाड नाई, पानी टाकलं अन् झालं."

मी हसलो. पण मनात मी पक्कं केलं होतं, आता तिला परत जाऊ द्यायचं नाही. पावसाळाभर तिला असं ठेवायचं की आश्विन पौर्णिमेनंतर दादा घ्यायला आला तर तिनंच म्हणावं, मी इथंच राहतो.

हे निव्वळ प्रेम होतं असं लिहिलं तर खोटं होईल. बाबांना दोघांपैकी एकालाच शिकवणं झेपणार होतं. त्यांनी मला वर्ध्याला वसतिगृहात ठेवलं आणि दादाला वावरात. पुढे बाबांचं आजारपण दादानं काढलं, आईचं म्हातारपणही तोच काढत होता. मी सणाला जायचो, साडी न्यायचो, दादाच्या पोरांचे अभ्यास तपासायचो. कुणी मला कधी टोचून बोललं नाही. दादाच्या हाताचे घट्टे बघितले की मी माझे हात मांडीखाली घ्यायचो, एवढंच. आई माझ्याकडे राहिली असती तर ते हात मला जरा मोकळे ठेवता आले असते.

जास्वंदीचा नाद मला उन्हानं लावला. नागपूरहून आणलेल्या झाडांची फुलं ताटाएवढी यायची, आणि मे महिन्यात झाडं उभ्यानं वाळून जायची. हिरवी जाळी बांधली, कूलरचं पाणी शिंपडलं, काही उपयोग झाला नाही. अंगणातली साधी गावठी लाल मात्र धुपकाळा खाऊन पुन्हा उभी राहायची. मग वाटलं, या दोघींचं लग्न लावून द्यावं. थंडीच्या सकाळी, दव सुकलं की एका फुलातला पराग काडीवर घ्यायचा आणि दुसऱ्या फुलाच्या मधल्या दांड्याच्या टोकावर, तिथल्या मखमली ठिपक्यांवर अलगद टेकवायचा. बहुतेक वेळा फूल गळून पडतं आणि काहीच होत नाही. एखाद्या वेळी देठ हिरवा राहतो, बोंड फुगतं. ते वाळून तडकेपर्यंत त्याला मलमलीचं फडकं बांधून ठेवायचं. बी पेरायचं, रोपं वाढवायची, आणि पुढच्या पावसाळ्यात बघायचं. मला हवी होती हळदीच्या रंगाची, आत लाल डोळा असलेली, आणि भर दुपारी मान न टाकणारी.

पेरलं त्यातलं बहुतेक सगळं फालतू निघतं. एखाद्याचा रंग गढूळ, एखाद्याच्या पाकळ्या उंदरानं कुरतडल्यासारख्या, एखादं फूल उमलतं तेच खाली बघत. गच्ची केवढीशी. म्हणून माझी रीत अशी होती, की पसंत पडलेल्या रोपाच्या बुंध्याला पांढरा दोरा बांधायचा आणि बाकीची पावसाळा सरताना उपटून खताच्या खड्ड्यात टाकायची. हे काम मी दुपारी करायचो, सुनंदा झोपलेली असताना. ओल्या मातीतून मुळं सुटताना एक बारीक आवाज येतो, कापड टरकल्यासारखा. मुळांना बिलगून आलेली गांडुळं मी परत कुंडीत ठेवायचो. रोप मात्र खड्ड्यातच.

घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, गच्चीवरचं एकही फूल तोडायचं नाही. फूल किती वेळ टिकतं ते मला संध्याकाळपर्यंत बघायचं असायचं. आईलाही आल्या दिवशीच सांगितलं. तिनं मान हलवली.

श्रावणातली गोष्ट. मी कॉलेजातून येत होतो. शेजारच्या भोयरकाकू कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांच्या भिंतीवरून पांढऱ्या तगरीचं झाड रस्त्यावर ओणवं झालेलं आहे.

"सर, तुमच्या आईले सांगा, फुलं खुशाल नेत जा म्हना. हात पुरत नाई त्याईचा, काठीनं ओढतात. माह्या पोरीले सांगितलं तं ते तोडून देईल."

"आई तुमच्याकडून फुलं नेते?"

"रोज सकाळी. विहारात लागतात ना." मग काकू आमच्या गच्चीकडे बघून हसल्या. "मीच म्हटलं त्याईले, घरी तं बगीचा हाय तुमच्या. तं म्हने, ते पोराच्या परीक्षेचे हायत."

मी घरात आलो. सुनंदा भाजी निवडत होती. तिला विचारलं, तुला माहीत होतं का?

"मले काऊन इचारता? तुम्हीच तं सांगितलं, हात लावू नका."

भरल्या घरात आईला फुलासाठी शेजाऱ्याच्या भिंतीशी टाचा उंच कराव्या लागत होत्या. मी तिला तसाच गच्चीवर घेऊन गेलो. पाऊस नुकताच उघडला होता. पाकळ्यांवर पाणी थांबलं होतं आणि ओल्या कडप्प्याचा वास येत होता. म्हटलं, आई, यातली पाहिजे ती तोड. रोज तोड.

ती कुंड्यांमधून फिरली, पण हात पुढे केला नाही. एका बुंध्याशी वाकून म्हणाली, "धागा बांधेल झाडाचं फूल कसं तोडू? परित्राणाचा हाय ना हा?"

परित्राणपाठ होतो तेव्हा पांढऱ्या सुताचं एक टोक पाण्याच्या घागरीला असतं आणि बाकीचं सूत सगळ्यांच्या हातातून फिरतं. पाठ संपला की त्याचे तुकडे करून मनगटाला बांधतात. रक्षण व्हावं म्हणून. आईनं माझा शिलाईच्या रिळाचा दोरा बघितला आणि तिला वाटलं, विहाराची पायरी न चढणारा आपला पोरगा झाडांना परित्राणाचा धागा बांधतो.

मी तिचा गैरसमज तसाच राहू दिला. तिनं माझ्याकडे असं बघितलं होतं, की मला ते बघणं घालवायचं नव्हतं. मी पहिल्या वर्गात पास झालो तेव्हाही तिनं असं बघितलं नव्हतं. तेव्हा तिनं फक्त विचारलं होतं, जेवला का.

त्या दिवसांत आई रोज संध्याकाळी विहारात ऐकलेलं घरी येऊन सांगायची. पाय धुता धुताच सुरू व्हायची. एकदा सुनंदाला म्हणाली, "पावसात भिक्षू एका जागी काऊन राहतात, मालूम हाय? नवे कोंब निघतात जमिनीतून. चालताना पायाखाली येतात म्हून." हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या संध्याकाळी मात्र चहाचा कप हातात घेऊन मी गच्चीच्या जिन्याकडे बघत राहिलो. ज्या तीन महिन्यांत कोंबावर पाय पडू नये म्हणून माणसं चालायची थांबली, तेच तीन महिने मी कोंब उपटण्यासाठी राखून ठेवले होते. याला कुणी पाप म्हणणार नाही. माळी रोज हेच करतात. पण मला ते बोचलं, आणि मी दुपारी वर जाणं पुढे ढकलत गेलो.

भाद्रपदात एका सकाळी लक्षात आलं, की दोऱ्याची रोपं वाढलेली आहेत. ज्याच्या पाकळ्या कुरतडल्यासारख्या होत्या त्याला दोरा. खाली मान घालणाऱ्याला दोरा. अजून फुललंही नव्हतं, पानं पिवळी पडली होती, अशा एका मरतुकड्या रोपाला तर दुहेरी. पौर्णिमेच्या पाठानंतर आई उरलेलं सूत मागून आणत होती आणि मी कॉलेजात गेलो की जिना चढत होती. दुखऱ्या गुडघ्यांनी.

"मरतुकड्याले काऊन बांधलं?" मी विचारलं.

"मंग कोनाले बांधू? जे धडधाकट हाय त्याले काय कराचा धागा?"

तिचं सूत जाड आणि कच्चं, माझा दोरा बारीक आणि पिळाचा. सुरुवातीला फरक कळायचा. पण पाऊस लागून राहिला होता. हळूहळू सगळ्या दोऱ्यांवर शेवाळाचा हिरवट मळ चढला आणि सगळे एकसारखे झाले. तिला विचारता आलं असतं, तुझे कुठले. पण विचारायचं तर माझे कशासाठी होते तेही सांगावं लागलं असतं. त्या वर्षी मी एकही रोप उपटलं नाही. रोपं फोफावली, कुंड्या कठड्यावर चढल्या, जिन्यात उतरल्या. सुनंदाला कपडे टाकायला वाट राहिली नाही. "पुढच्या वर्षी आपन जिन्यात झोपू," ती म्हणायची, "झाडं पलंगावर."

मी सांगितलं ते आश्विनात, आणि तेही मनाच्या मोठेपणानं नाही. समारोपाच्या कार्यक्रमाला विहारातल्या बायांनी माझा सत्कार ठरवला होता. झाडांना धागा बांधणारे सर म्हणून. आईनंच सगळीकडे सांगितलं होतं. सुनंदा हे सांगताना पदराआड हसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गच्चीवर ऊन खात बसली होती. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, लांबून सोयाबीन काढायच्या यंत्राची घरघर येत होती. मी तिच्यासमोर कठड्याला टेकून उभा राहिलो आणि सांगून टाकलं. तो परित्राणाचा नव्हता आई. ज्यांचं फूल चांगलं ते ओळखायला बांधायचो.

"अन् बाकीचे?"

"उपटून टाकतो."

ती कुंड्यांकडे बघत म्हणाली, "मले वाटे तू सगळ्याईलेच बांधून राह्यला. रोज थोडे थोडे. एकट्यानं होत नसन, म्हून मी हातभार लावला."

मी काहीतरी सारवासारव करत राहिलो. गच्ची लहान आहे, सगळं ठेवता येत नाही, निवडावं लागतं. आणि त्या ओघात, कसं कोण जाणे, तोंडातून गेलं, "बाबांनी नाही का, दादाला अन् मला..."

आईनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"तू हुशार म्हून तुले शिकवलं, असं वाटते का तुले? दोघंबी हुशारच होते बाप्पा. तुले खोकला राहे. वखरामागं दोन फेरे झाले की तू बांधावर बसे. तुह्यानं वावर झालं नसतं म्हून तुले शाळेत टाकलं. तुह्या मनगटाले बी बांधत होतो मी धागा. त्याले नाई बांधला कधी."

हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दादाचं हिसकावून मला दिलं गेलं, ही बोच मी इतकी वर्षं जपली. पण तिच्या तळाशी एक गुळगुळीत खडा होता, हे मला तेव्हा दिसलं: आपण निवडलेले आहोत, हा. माझ्या अपराधीपणाला त्या खड्याचा आधार होता. तो काढून घेतल्यावर उरला एक खोकणारा पोरगा आणि ज्याला कधी धागाच लागला नाही असा त्याचा भाऊ.

सत्काराला मी गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. हेही खोटंच होतं.

पौर्णिमेनंतर दादा मालवाहू गाडी घेऊन आला. नव्या घराच्या चौकटी आणायला वर्ध्याला गेला होता, येताना आईला घ्यायला. मी आईला म्हणालो, राहा ना इथंच. मी किती दिवस ते वाक्य तयार केलं होतं, निघालं ते एवढंसंच. ती पिशवीत साडी भरत होती. "तुह्या घरात झाडाईलेच जागा पुरत नाई," ती म्हणाली, "मी कुठं राहू?"

ती थट्टाच होती. सुनंदा अजून सांगते, थट्टाच होती, गुडघ्याला इथला जिना सोसत नव्हता आणि गावचा विहार दाराशी आहे. असेल. पण गाडी निघायच्या वेळी आई उतरून परत वर गेली आणि म्हणाली, "तू जे उपटनार हायस ते दे." दादानं आणि मी मिळून ती रोपं खाली आणली. कुठली माझ्या पसंतीची नव्हती ते मला फुलांवरून सांगता येत होतं. जी फुललीच नव्हती, तीही दिली. दादा चौकटींच्या फटीत कुंड्या बसवत म्हणाला, "सायब, ह्या कुंड्या मेंढ्यासारख्या भरून राह्यलो मी."

तेव्हापासून दर पावसाळ्यात माझी नापसंत रोपं गावी जातात. दादानं ती विहाराच्या कुंपणाला लावली. मी निवडणं सोडलेलं नाही. सोडलं असं लिहायला आवडलं असतं, पण गच्ची तेवढीच आहे. दोरा मात्र मी बांधत नाही, लक्षात ठेवतो. हळदी रंगाची, लाल डोळ्याची जास्वंद मला मिळाली. तिला मी त्या पावसाळ्यात आई यायच्या आधीच दोरा बांधला होता. मे महिन्याच्या दुपारी चार वाजताही ती मान ताठ ठेवते. वर्ध्याला फुलांच्या प्रदर्शनात लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते, नाव विचारत होते. मला नाव सुचलं नाही. घरी येऊन मी ती परत कठड्याच्या कोपऱ्यात ठेवली, आणि तिच्याकडे बघताना दर वेळी सुनंदाच्या साडीशेजारची ती जागा दिसायची.

परवा आषाढ पौर्णिमेला मी गावी गेलो. या वर्षीची रोपं गाडीच्या मागच्या सीटवर होती, आणि त्यांच्यात ती पिवळीही होती. तिचा कुजलेला दोरा मी आधीच काढून टाकला होता. तिच्या फांदीचं एकही कलम मागे ठेवलं नव्हतं. सुनंदानं बघितलं आणि पिवळीची कुंडी पडू नये म्हणून बाजूला उशी लावली.

विहाराचं कुंपण आता जास्वंदीचंच झालं आहे. गढूळ रंगाची, फाटक्या पाकळ्यांची, खाली मान घातलेली, सगळी दाटीनं फुललेली. पांढऱ्या साडीतल्या बाया येता-जाता तोडत होत्या. खाली मान घालणारी आधी संपते, हात न उचलता मिळते म्हणून. दादानं खड्डे खणून ठेवले होते. मी रोपं उतरवली. पिवळीला त्या दिवशी फूल नव्हतं. बाकीच्यांसारखीच हिरवी, कोपऱ्यात उभी.

आई सुताची गुंडी घेऊन पाटावर बसली होती. एकेक रोप लागलं की पाट पुढे सरकवायची. दादा म्हणाला, "यंदा जरा बरे आनले, सायब."

"सगळे सारखेच हायत," मी म्हणालो.

आई पिवळीपाशी आली. तिच्या बुंध्याभोवती सूत फिरवताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "गच्चीवर आता जागा झाली असन."

"झाली."

"मंग दिवाळीनंतर येतो मी. एक पांढरं लुगडं तिकडंच ठेवतो म्हनलं. नेन्या-आनन्याचा तरास."

दादा खड्ड्यात माती लोटत होता, तो थांबला नाही. मी पाण्याची बादली उचलली. आईनं बाकीच्यांना मारली तशीच एक गाठ पिवळीला मारली, उरलेलं सूत दातानं तोडलं आणि पाट पुढच्या रोपाकडे सरकवला.